अण्णांचे ६ लाख ४० हजार गेले आणि ते म्हणतायत तक्रार करायची नाही

कोयनाकाठ (रविवार, सकाळी ७:१२)

नमस्कार मंडळी, रात्रभर झोप नाहीये त्यामुळे विस्कळीत लिहिलं जाईल, समजून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो त्यांना, सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर होते, गावात अजून सगळे गुरुजीच म्हणतात. मी पुण्यात नोकरीला. काल आईचा फोन आला की अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत, संध्याकाळी पारावर पण जात नाहीत, तू येऊन जा. आलो. आधी काही बोलेचनात, बीपी वाढलाय म्हणाले. रात्री आई झोपल्यावर कपाटातून पासबुकांची पिशवी काढली, रबर लावलेली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले तूच बघ.

व्हॉट्सअ‍ॅपवर शेअर मार्केटच्या एका ग्रुपमध्ये कोणीतरी त्यांना घेतलं होतं. रोज सकाळी एक "सर" टिप्स द्यायचा आणि बाकीचे शे-दीडशे जण आज एवढे सुटले तेवढे सुटले म्हणून स्क्रीनशॉट टाकायचे, ते सगळे त्यांचेच लोक असणार हे आता कळतंय. एक अ‍ॅप घ्यायला लावलं. पहिल्यांदा २० हजार भरले, त्यावर ३ हजार नफा म्हणून खरंच खात्यात आले, तिथेच विश्वास बसला. मग ८० हजार, मग दीड लाख, मग एफडी मोडून २ लाख ४० हजार. अ‍ॅपमध्ये १९ लाख दिसत होते म्हणे. काढायला गेले तर आधी टॅक्स भरा म्हणून दीड लाख मागितले, तेही भरले, गुरुवारी दुपारी. शुक्रवारी परत प्रोसेसिंग फी मागितली तेव्हा यांना शंका आली, ग्रुपवर विचारलं तर ग्रुपमधूनच काढून टाकलं.

मी म्हटलं आत्ताच्या आत्ता तक्रार करू, तर माझ्यासमोर हात जोडले हो त्यांनी. "आयुष्यभर पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलं मी. आता पेपरात येणार गुरुजींना गंडा. गेले ते गेले, विषय संपव." आईलाही सांगू नको म्हणतात. त्यातले पैसे ताईच्या मुलीच्या लग्नाला द्यायचे ठरलेले होते.

मला विचारायचंय की तीन दिवस झाले, आता उपयोग आहे का? त्यांची इच्छा नसताना मी तक्रार करावी का, करता येते का? पेपरात नाव येतं का? आणि आधार पॅन दोन्हीचे फोटो पण पाठवलेत त्यांनी त्या लोकांना.

---

निवृत्त_शाखाधिकारी (रविवार, ७:३४)

बाकी सगळं नंतर वाचा, आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे ती. अण्णांना शेजारी बसवून लावा. पासबुक आणि मोबाईलमधले मेसेज समोर ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, यूपीआयने गेले असतील तर १२ आकडी असतो), तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात गेले ते खातं विचारतील. गुरुवारचा दीड लाख सगळ्यात आधी सांगा. लाईन लागली नाही तर परत लावा, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पण भरायला घ्या. मग खाली वाचा.

आता हे का ते सांगतो. मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची काही वर्षं हेच काम बघितलं. चोराच्या खात्यात पैसे थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून चार खात्यांत, तिथून आणखी दहा खात्यांत, मग कुठे एटीएममधून कॅश, कुठे चेकने, कुठे क्रिप्टो. ही खाती बहुतेक भाड्याची असतात. तुम्ही १९३० ला सांगितलं की तुमच्या बँकेला तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद जाते, ती बघते पैसे कुठल्या बँकेत गेले, मग त्या बँकेला तिकीट, तिने पुढे पाठवले असतील तर पुढच्या बँकेला. ज्या खात्यात जेवढे शिल्लक सापडतील तेवढ्यावर होल्ड लागतो. पहिले काही तास सोन्याचे, हे खरंय. पण तीन दिवसांनीही एखाद्या मधल्या खात्यात काही अडकलेलं सापडतं, मी स्वतः बघितलंय. सहा लाख चाळीस मिळतील असं मी म्हणणार नाही. फोनच केला नाही तर मात्र शून्य नक्की.

आमच्या शाखेतली गोष्ट. एका रिक्षावाल्याने ४,५०० रुपयांची तक्रार केली होती, लाईट बिल भरलं नाही म्हणून कनेक्शन तोडतो असा मेसेज आलेला त्याला. त्याच्या तक्रारीवरून जे खातं थांबवलं ते आमच्या शाखेतलं निघालं, आणि त्यात ३ लाखाच्या वर शिल्लक होती. ती रिक्षावाल्याची नव्हती. नाशिककडच्या एका बाईची होती, आणि त्या बाईंना आपण फसलोय हे तोपर्यंत माहीतही नव्हतं. साडेचार हजारासाठी कोण जातंय चौकीत असं त्या माणसाने म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते खातं रिकामं होतं. मला हा माणूस कायम आठवतो, शाखेत येऊन पासबुक भरून घेताना विचारायचा, साहेब त्या ताईंचे मिळाले का.

आणखी एक. सप्टेंबर २०२४ पासून केंद्राच्या सायबर क्राईम कोऑर्डिनेशन सेंटरने, आयफोरसी म्हणतात त्याला, संशयितांची एक यादी बँकांना उपलब्ध करून दिलीय. ती बनते लोकांच्या तक्रारींतूनच. तुम्ही जो खाते नंबर सांगाल तो त्यात जाऊ शकतो. त्याच पोर्टलवर आपल्यालाही एखादा फोन नंबर किंवा खातं टाकून बघता येतं की आधी कोणी तक्रार केलीय का. अण्णांच्या आधी फसलेल्यांनी सांगितलं असतं तर कदाचित तिथे दिसलं असतं.

एक खोटी आशा लावत नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तो लोक सगळीकडे सांगत फिरतात. तो परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, आणि त्यातही चूक ग्राहकाची नसेल तर. अण्णांनी पैसे स्वतः पाठवलेत, त्यामुळे त्या नियमावर बँकेकडून भरपाई मिळणं अवघड आहे. तरी उद्या सकाळी शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. लावला का फोन?

---

गोदाघाट (रविवार, ८:०५)

मनापासून सांगतो, फार अपेक्षा ठेवू नका. माझे २०२२ मध्ये १८ हजार गेले, १९३० ला पण केलं, पोर्टलवर पण केलं, पोलीस स्टेशनला तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेत. एक मेसेज आला तक्रार स्वीकारली म्हणून, त्यापुढे काही नाही. वयस्कर माणसाला ते बाकडं, ते थांबणं, तेच तेच परत सांगणं, याचाही विचार करा. पैशापेक्षा तब्येत मोठी. चिडून नाही सांगत, मला खूप त्रास झाला म्हणून सांगतोय.

---

मीना_इचलकरंजी (रविवार, ८:५१)

कोयनाकाठ, तुमचं वाचून हात थरथरतायत, कारण आमच्या घरी हेच झालं आणि आम्ही तक्रार केली नाही. म्हणजे आईने चार महिने घरात सांगितलंच नाही.

आई एकटी असते, बाबा गेल्यापासून. तिला व्हिडिओ कॉल आला होता, खाकी वर्दीतला माणूस, मागे पोलीस स्टेशनसारखं सगळं, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कोणाला सांगितलंत तर तुमच्या मुलीलाही अटक होईल. दीड दिवस ती त्या खुर्चीवर बसून होती हो. मोलकरणीलाही दारातूनच परत पाठवलं. १ लाख ९० हजार गेले. मी रोज रात्री फोन करायचे तिला, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ती म्हणायची हो गं सगळं ठीक आहे.

आम्हाला कळलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. पंतप्रधान मन की बातमध्ये डिजिटल अरेस्टबद्दल बोलले, असं कायद्यात काही नसतंच म्हणाले, आणि एका खऱ्या कॉलचा तुकडा ऐकवला. मी सुट्टीला आलेली, भाजी निवडत होते, टीव्ही नुसता चालू. आई उठून आत गेली. मागे गेले तर ओट्याला धरून उभी होती, म्हणाली अस्साच बोलत होता गं तो.

पण मधल्या चार महिन्यांत आणखी एक झालं होतं. तिला दुसरा फोन आलेला, तुमचे एवढे एवढे पैसे गेलेत ना, आम्ही काढून देतो, फाईल चार्ज १२ हजार. रक्कम अगदी बरोब्बर सांगितली त्याने. आईला वाटलं गुपचूप मिटतंय तर मिटू दे. दिले. रक्कम कोणाला माहीत असणार, एक तर आईला, नाहीतर त्यांनाच ना. जो माणूस कोणाला सांगत नाही त्याच्याकडेच ते परत येतात, हे मला नंतर समजलं. तुमच्या अण्णांनाही असा फोन येईल, आत्तापासून सांगून ठेवा.

मग आम्ही गेलो पोलिसात. सायबरचे एक पीएसआय होते, शांतपणे सगळं ऐकलं, आईला आधी पाणी दिलं. तिच्या पासबुकातला खाते नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाले, या खात्यावर आधीच पाच तक्रारी आहेत, वेगवेगळ्या राज्यांतून. आईने विचारलं कधीच्या आहेत. त्यांनी तारखा वाचून दाखवल्या. आईचा व्यवहार ११ जूनचा. पाचही तक्रारी त्यानंतरच्या व्यवहारांच्या, पहिली १३ जूनची. आई काहीच बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, मी त्या दिवशी बोलले असते तर. मी तिला म्हटलं तुझा दोष नाही, आणि खरंच नाही, दोष त्या हरामखोरांचा आहे. पण ती अजून ती तारीख विसरत नाही.

पैसे मिळाले नाहीत आमचे. तरी तक्रार करून आल्यावर त्या रात्री आई पहिल्यांदा सलग झोपली. आता भिशीला आलेल्या बायकांना ती स्वतः सांगते सगळं, नाव गाव न लपवता.

अण्णांना आईपासून लपवू देऊ नका प्लीज. एवढं एकट्याने नाही पेलवत.

---

कोर्टाची_पायरी (रविवार, १०:२०)

वकिली करते, मुद्द्याचं लिहिते.

तुम्ही तक्रार करू शकता का? दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतं, फसलेल्या माणसानेच द्यावी असं नाही. पण खातं अण्णांचं, मोबाईल त्यांचा, जबाब त्यांचाच लागणार. त्यामुळे त्यांना पटवूनच न्या, त्यांच्या मागून करू नका.

त्यांना पटवायला पैशाचा विषय काढूच नका. आधार आणि पॅनचा काढा. ते फोटो आता त्यांच्या हातात आहेत. त्यावर उद्या कुठे कर्ज उचललं, सिम काढलं, किंवा अण्णांच्याच नावाने खातं उघडून त्यात दुसऱ्या कोणाचे लुटलेले पैसे फिरवले, तर पोलीस गुरुजींच्या दारात येतील, साक्षीदार म्हणून नाही. त्या दिवशी हातात काय असणार? माझी कागदपत्रं अमुक तारखेला यांच्याकडे गेली असं आधीच लेखी दिलेलं असेल तर बोलायला जागा असते. माझ्याकडे एक जण असेच आले होते, किराणा दुकानदार, तक्रार केलेली नव्हती, आणि आपण चोर नाही हे पटवून देण्यात त्यांचं दीड वर्ष गेलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघत जा.

नावाचं म्हणाल तर तपास अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा की प्रेसला नाव देऊ नका. बातमी आलीच तर बहुतेक वेळा "निवृत्त शिक्षकाची फसवणूक" एवढंच असतं.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे, इथे खूप जण थांबतात. नोंद झाली की तो नंबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा, हद्द कुठलीही असो गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात तो. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच हवी. तरी नाही घेतली तर एसपींकडे लेखी, पोस्टानेही चालतं, आणि मग मॅजिस्ट्रेट.

आणि पैसे होल्ड झाले म्हणजे आपोआप खात्यात येत नाहीत. त्यासाठी बहुतेक वेळा कोर्टात अर्ज करावा लागतो, नव्या संहितेचं कलम ५०३, जुन्या सीआरपीसीचं ४५७. गोदाघाट, तुम्हाला विचारते, तुमच्या तक्रारीचा नंबर आहे का अजून? पोर्टलवर जाऊन बघा किंवा सायबर सेलला विचारा की काही रक्कम होल्डवर आहे का. कितीतरी लोकांचे असे पडून आहेत कारण पुढचा अर्जच कोणी केला नाही आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही. पोलिसांनी सांगायला हवं होतं, मान्य.

कंपनी बुडवून पळाली अशा केसमध्ये तर तक्रार आणखी महत्त्वाची. जानेवारी २०२५ ला दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानासमोर गुंतवणूक केलेले लोक जमले ते आठवत असेल. तसल्या प्रकरणांत ठेवीदारांसाठीच्या आपल्या राज्याच्या १९९९ च्या कायद्याखाली मालमत्ता जप्त होते आणि वाटप होतं ते नोंद असलेल्या ठेवीदारांना. ज्याने लाजेपोटी नाव दिलं नाही तो त्या यादीत येणार कसा?

चॅट डिलीट करू नका, अ‍ॅप काढू नका, मोबाईल फॉरमॅट तर अजिबात नको. अण्णांनी रागाने काही पुसलंय का ते विचारा.

---

पाटाचं_पाणी (रविवार, ११:४०)

गोदाघाट, तुमचा त्रास कळतो. दुसरी बाजू सांगतो. माझा चुलतभाऊ, इंजिनिअरिंगला आहे, त्याने ५ हजार घेऊन स्वतःचं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम कॉलेजातल्या एकाला वापरायला दिलं, त्याला वाटलं गेमिंगचे पैसे फिरवतात. कोकणातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाचे ७ हजार त्या खात्यातून गेलेले, त्यांनी तक्रार केली, खातं गोठलं, आणि पोलीस आमच्या घरी आले. काका-काकूंची अवस्था बघवत नव्हती. पण त्या एका तक्रारीमुळे कॉलेजातली आणखी आठ-नऊ पोरांची खाती उघडकीस आली, खाती गोळा करणारा पण सापडला. त्या आजोबांना हे माहीतही नसेल. त्यांनाही एक मेसेज येऊन गेला असेल आणि वाटलं असेल काही झालं नाही.

---

गोदाघाट (रविवार, १२:१५)

हे मला खरंच माहीत नव्हतं, होल्ड आणि कोर्टातल्या अर्जाचं. जुना मोबाईल शोधतो, त्यात मेसेज असेल.

---

निवृत्त_शाखाधिकारी (रविवार, १२:३२)

शोधा आणि इथे सांगा. अर्ज कसा लिहायचा त्यात मदत करतो. बाकी सगळ्यांसाठी, सरकारने लोकसभेत दिलेला आकडा आहे, २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी गेले, आदल्या वर्षी ७ हजार ४६५ कोटी होते. हे फक्त ज्यांनी सांगितलं त्यांचे. मीनाताईंच्या आईसारखे चार महिने गप्प बसलेले त्यात कुठेच नाहीत. जेवढं कागदावर दिसतं तेवढ्यावरच माणसं आणि यंत्रणा मिळते, नोकरीत मी हेच बघितलंय. तालुक्याला सायबरचं माणूस का नाही असं आपण विचारतो, पण तालुक्यातून तक्रारीच गेल्या नाहीत तर वरच्याला गरज दिसणार कुठून.

---

कोयनाकाठ (रविवार, रात्री ९:०८)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

शाखाधिकारी साहेबांचा मेसेज वाचून लगेच १९३० लावला, चौथ्यांदा लागला. अण्णा तेव्हा आंघोळीला गेलेले, मीच बोलत होतो, गुरुवारच्या दीड लाखाचा यूटीआर सांगताना दोन आकडे चुकले तर मागून आवाज आला, "सात नाही, एक आहे तो." टॉवेल खांद्यावर घेऊन दारात उभे होते. मग स्वतःच फोन घेतला आणि पाचही व्यवहार सांगितले, तारखा तोंडपाठ होत्या त्यांना. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. दुपारी पोर्टलवर बाकीचं भरलं, स्क्रीनशॉट जोडले. चॅट सगळं शाबूत आहे, काही पुसलं नव्हतं.

मीनाताई, तुमचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. ११ जून आणि १३ जूनचं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले त्या ग्रुपमध्ये कराडचे एक जण होते, खरे वाटायचे, माझ्यासारखेच प्रश्न विचारायचे, ते अजून पैसे भरत असतील का रे. त्यांचा नंबर चॅटमध्ये सापडला. अण्णांनी स्वतः फोन केला, अर्धा तास बोलत होते अंगणात. त्या माणसाचे ९० हजार गेलेत आणि उद्या आणखी २ लाख भरणार होता, सोसायटीतून कर्ज काढून. तोही उद्या तक्रार करतोय.

आईला पण सांगितलं. ती आधी खूप रडली, मग म्हणाली जेवून घ्या आधी दोघं. आज नीट जेवले.

आता संध्याकाळपासून टेबलावर बसून पोलिसांना द्यायचा अर्ज लिहितायत. फुलस्केपला पट्टीने समास आखलाय, शाळेत पोरांकडून आखून घ्यायचे तसा, तिसरा कागद चालू आहे कारण आधीच्या दोन्हीत एकेक खाडाखोड झाली. मी म्हटलं टाईप करून देतो, तर नको म्हणाले.

वकील ताई, दोन गोष्टी सांगा. बँकेच्या स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का लागतो का, की अ‍ॅपमधून काढलेलं चालतं? आणि कराडच्या त्या गृहस्थांनी त्यांच्याच पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्यायची की आमच्या अर्जात त्यांचं नाव जोडायचं? उद्या दहाला निघायचंय.